जुन्या किंग एअर बी२००मध्ये आधी काय बदलावं?

प्रश्न थोडक्यात असा. जालन्यातल्या एका कुटुंबाच्या कंपनीने १९९७ सालचं किंग एअर बी२००, म्हणजे प्रॉपेलरवाल्या दोन टर्बाइन इंजिनांचं छोटं विमान, वापरलेलं विकत घेतलं. विमान चिकलठाण्याला, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळावर, उभं असतं. दोन्ही इंजिनं मागच्या ओव्हरहॉलनंतर, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्त केल्यानंतर, ३,१०० तास चाललेली. मुंबई, लातूर, नांदेड नेहमीचं, दिल्ली महिन्यातून दोनदा. वर्षाकाठी अडीचशे तास. आता एका दलालाने 'पॅकेज' पुढं केलंय: नवी ताकदवान इंजिनं, पाच पात्यांचे प्रॉपेलर, विंगलेट (पंखांच्या टोकांना वर वळलेले तुकडे), नवं डिजिटल कॉकपिट, चामड्याच्या खुर्च्या. काका म्हणतात, एकदाच होऊन जाऊ द्या. पुतण्या विचारतोय की आधी काय करावं आणि काय सोडून द्यावं.

मी सत्तावीस वर्षं विमानांची देखभाल करतोय आणि त्यातली बहुतेक या विमानात असतात त्या पीटी६ जातीच्या इंजिनांच्या सावलीत गेली. काकांना माझा नमस्कार सांगा आणि सही करायचा पेन त्यांच्या खिशातच राहू द्या. पॅकेजमधली एकही वस्तू वाईट नाही. पण दलाल ज्या क्रमाने ती विकतोय तो त्याच्या सोयीचा आहे. तुमच्या विमानाचा क्रम दोन गोष्टी ठरवतात: आपल्याकडचं ऊन, आणि विमान तसंही उघडावं लागणार आहे त्या तारखा.

आधी उन्हाचं बोलू. चिकलठाण्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे. प्रमाण हवामानाच्या हिशेबाने त्या उंचीला तापमान ११ अंश असायला हवं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता तिथं ४२ अंश असतं, म्हणजे ३१ अंश जास्त. दर अंशाला सुमारे १२० फूट धरले तर विमानाच्या पंखांना आणि इंजिनांना वाटतं की आपण साडेपाच हजार फुटांवरच्या धावपट्टीवर उभे आहोत. लातूर याहून थोडं उंच, नांदेड बरंच खाली. पण उन्हाच्या बाबतीत नांदेड कुणाला हार जात नाही.

मी शिकत असताना, २६ एप्रिल १९९३ला, याच चिकलठाण्याहून भर दुपारी निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ धावपट्टी संपल्यावर बीड रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं. ५५ माणसं गेली. चौकशीत नाक उशिरा उचलण्याच्या चुकीवर आणि रस्त्यावरची वाहतूक न रोखण्यावर ठपका आला. ते विमान मोठं, प्रकार वेगळा, हे मान्य. पण तेव्हापासून 'एवढ्यात उचलेल की' हे वाक्य कुणी हँगरमध्ये बोललं की माझा चेहरा बदलतो.

आता इंजिनं. तुमच्याकडे पीटी६ए-४२ आहे, ८५० अश्वशक्तीचं. कॉकपिटमध्ये दोन काटे महत्त्वाचे: टॉर्क, म्हणजे प्रॉपेलर फिरवणारा जोर, आणि आयटीटी, म्हणजे टर्बाइनच्या मधल्या भागातलं तापमान. टॉर्कची मर्यादा २,२३० फूट-पाउंड, आयटीटीची ८०० अंश. थंड हवेत टॉर्कचा काटा आधी मर्यादेला लागतो आणि आयटीटीला जागा उरते. गरम किंवा विरळ हवेत उलटं होतं. आयटीटी लाल रेषेला टेकतं आणि टॉर्क अजून खालीच असतो. लिव्हर पुढं ढकलायला जागा असते, पण ढकलायची नसते.

पीटी६ए-५२ किंवा -६१ बसवलं तरी धावपट्टीवर ते ८५० अश्वशक्तीच देतं, कारण गिअरबॉक्स आणि विमानाचा सांगाडा त्याहून जास्त घेणारच नाहीत. फरक हा की त्याच्या पोटात राखीव उष्णता-क्षमता जास्त असते, म्हणून ते ८५०चा आकडा जास्त उंचीपर्यंत धरून ठेवतं. माझ्या अनुभवात जमिनीवर, अगदी मे महिन्यातसुद्धा, फरक थोडा जाणवतो. बारा-पंधरा हजार फुटांच्या वर तो मोठा होतो. -४२ तिथं दमायला लागतं, नवं इंजिन तसंच ओढत राहतं.

आणि वेग? जुनं बी२०० समतल उड्डाणात २७०-२८० नॉट देतं, नवीन इंजिनांवर ३००च्या वर जातं. दलाल हा आकडा मोठ्या अक्षरात छापतो. मग तुमचा प्रवास मोजू. चिकलठाणा ते मुंबई सरळ रेषेत सुमारे १५० सागरी मैल. सगळा प्रवास पूर्ण वेगात झाला असं खोटं मानलं तरी वाचतात तीन मिनिटं. खरं तर निम्मा वेळ चढण्यात आणि उतरण्यात जातो, आणि मुंबईच्या आकाशात घिरट्या घालायला लावल्या तर ती तीन मिनिटं पंधरा वेळा परत जातात. दिल्ली सुमारे ५३० मैल, तिथं अकरा-बारा मिनिटं वाचतील. महिन्यातून दोनदा. तीन मिनिटांसाठी कोट्यवधी घालायचे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

तरीही मी नवीन इंजिनांना नाही म्हणत नाही. 'आज नको' म्हणतोय. या इंजिनाचा ओव्हरहॉलचा पल्ला ३,६०० तासांचा, अर्ध्यावर १,८०० तासांना हॉट सेक्शनची, म्हणजे इंजिनाच्या सगळ्यात तापणाऱ्या भागाची, तपासणी. तुमचे ५०० तास शिल्लक आहेत, म्हणजे तुमच्या वापराने दोन वर्षं. ओव्हरहॉलला दोन्ही इंजिनांमागे काही कोटी जाणारच आहेत, ते चुकत नाहीत. नव्या इंजिनांचा खरा खर्च म्हणजे त्या ओव्हरहॉलच्या रकमेवर वरून जे पडेल तेवढाच. हा हिशेब दोन वर्षांनी मांडला तर बरेचदा नवं इंजिन घेणंच शहाणपणाचं निघतं. आज मांडला तर ५०० तास चाललं असतं असं इंजिन भंगाराच्या भावात जातं. काही विक्रेते जुन्या इंजिनातल्या उरलेल्या तासांचे पैसे वळते करतात. दर लेखी मागा. आणि हॉट सेक्शनचा मागचा अहवाल मागा. तो चांगला नसेल तर ही 'दोन वर्षं' माझ्या डोक्यातली आहेत, इंजिनाच्या नाही.

तोवर इंजिन जपा. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये धूळ असते ती नुसती रस्त्यावर नसते. कंप्रेसरच्या पात्यांवर तिचा थर बसतो, हवा कमी दाबली जाते आणि त्याच टॉर्कला आयटीटी वाढत जातं. कंप्रेसर वॉश हे जगातलं सगळ्यात स्वस्त अपग्रेड आहे. एका बी२००वर मी वॉशच्या आधी आणि नंतर त्याच टॉर्कला आयटीटी लिहून ठेवलं होतं. वीस अंशांच्या आसपास खाली आलं. साबणाच्या पाण्याने! पायलटांना सांगा की एका ठरावीक उंचीला, एका ठरावीक टॉर्कला आयटीटी, इंधनाचा प्रवाह आणि गॅस जनरेटरचा, म्हणजे इंजिनाच्या गाभ्याचा, वेग दर उड्डाणात वहीत लिहायचा. तीन महिन्यांची वही माझ्यासमोर ठेवा, मी दलालापेक्षा खरं सांगेन.

दुसरी स्वस्त गोष्ट बॅटरी. तुमच्या विमानात अजून निकेल-कॅडमियम असेल तर उन्हात तिची काळजी घेणं म्हणजे तापट जावयाची बडदास्त. नीट नाही ठेवली तर स्वतःच तापत सुटते. सील्ड लेड-अ‍ॅसिड बॅटरीकडे जाणं सोपं, मंजूर आणि तुलनेने स्वस्त आहे. कुठलीही असो, ती कमजोर असताना लातूरला भर उन्हात बॅटरीवर इंजिन सुरू करू नका. स्टार्टर हळू फिरला की इंधन पेटतं पण हवा पुरेशी नसते, आणि आयटीटी १,००० अंशांकडे धावतं. हॉट स्टार्टच्या त्या काही सेकंदांनी वर लिहिलेले सगळे हिशेब पुसून टाकलेले मी पाहिले आहेत. ग्राउंड पॉवर युनिटची, म्हणजे जमिनीवरून वीज देणाऱ्या यंत्राची, सोय आधी फोनवर नक्की करा, मग उतरा.

तिसरी, एसी. हसू नका. बी२००च्या एसीचा कंप्रेसर उजव्या इंजिनावर चालतो, त्यामुळे दाराशी पाहुणे उभे असताना केबिन थंड होत नाही आणि आत बसल्यावर चिकलठाण्याच्या अ‍ॅप्रनवर दहा मिनिटं भट्टी असते. काकांना विमान जुनं वाटतंय ते बहुधा याच दहा मिनिटांमुळे. ९०च्या दशकातल्या विमानाच्या एसीची गॅस बदलली आहे का हेही बघा. आर-१२ असेल तर ती मॉन्ट्रियल करारानंतर बनणं थांबलेली आहे, आर-१३४एकडे वळावंच लागेल. खुर्च्यांच्या चामड्याआधी हे करा.

प्रॉपेलर आणि पंखांकडे येऊ. इथं मला दलालाशी थोडं सहमत व्हावं लागतं. विमान बनवणाऱ्या कारखान्यानेच पुरावा दिलाय. किंग एअर २५० म्हणून जे मॉडेल आलं ते मुळात बी२००जीटीच, म्हणजे बी२००ची पुढची आवृत्ती. त्यावर संमिश्र पदार्थाचे प्रॉपेलर, विंगलेट आणि इंजिनाच्या तोंडाशी हवा जास्त नीट घेणारा रॅम एअरचा बदल चढवला. आणि यातले दोन बदल आधी बाहेरच्या कंपन्यांनी जुन्या विमानांसाठी काढलेले होते, विंगलेट बीएलआरचे, हवेचा मार्ग रेसबेकचा. मूळ कंपनीने दुसऱ्याची भाजी आपल्या ताटात घेतली यापेक्षा मोठं शिफारसपत्र काय असणार?

उन्हातल्या धावपट्टीसाठी इंजिनापेक्षा यांचा उपयोग जास्त, कारण कमी वेगातली प्रॉपेलरची ओढ आणि पंखाची पकड इथं सुधारते. प्रॉपेलरचं ओव्हरहॉल पाच-सहा वर्षांनी येतं. तुमचं कधी येतंय ते कार्डावर बघा आणि त्याच वेळी नवे घ्या. विंगलेट मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवीन. दिसतात सुंदर, आणि काकांना हवेत त्याचं अर्धं कारण तेच आहे. हौसेला मोल नाही, त्यामुळे त्यावर वाद घालत बसू नका. शेपटीखालच्या एका फिनऐवजी दोन स्ट्रेक, म्हणजे लांबट पट्ट्या, लावण्याचा बदल मात्र कुणी फारसा मिरवत नाही, आणि मागच्या खुर्चीवरच्या माणसाला झोप त्याच्यामुळे लागते; विमानाचं शेपूट हलणं कमी होतं.

एक सावधगिरी. धाराशिवची धावपट्टी जेमतेम १,२०० मीटर आहे. 'आता विंगलेट आहेत, तिथंही उतरू' असं कुणी म्हणेल. उतराल हो. उन्हाळ्याच्या दुपारी पूर्ण वजनाने निघायचं झालं तर अ‍ॅक्सिलरेट-स्टॉपचा तक्ता उघडा: निर्णयाच्या वेगापर्यंत धावलो, एक इंजिन गेलं, ब्रेक लावले, तर थांबू का? विंगलेट या प्रश्नाचं उत्तर फारसं बदलत नाहीत. लातूर आणि नांदेडच्या २,३०० मीटरवर तुम्ही निवांत आहात.

कॉकपिटवर मी सगळ्यात आधी मोठा पैसा घालीन. १९९७च्या बी२००मध्ये बहुधा कॉलिन्सचे ट्यूबवाले पडदे आहेत. ते अंधुक होत जातात, सुटे भाग मिळेनात, आणि एक ट्यूब गेली की विमान आठवडाभर बसून राहतं. गार्मिनचं जी१००० एनएक्सआय किंवा कॉलिन्सचं प्रो लाइन फ्यूजन, दोन्ही या विमानासाठी मिळतात. पहिलं मी जास्त बसवलंय, म्हणून माझा कल तिकडं. दुसरं नव्या कारखानी विमानांत येतं, पायलट उद्या दुसऱ्या किंग एअरवर गेला तर त्याला ओळखीचं वाटतं. जुने खोके आणि मैलभर वायर काढल्यावर मी एका विमानाचं वजन तराजूवर साठेक किलोने उतरलेलं पाहिलंय. ते साठ किलो किती मोलाचे, ते पुढं सांगतो.

याचा आपल्याकडे खास फायदा गगनचा. भारताची ही उपग्रह-प्रणाली जीपीएसमधली चूक सुधारून देते, आणि तिच्यावर एलपीव्ही पद्धतीने, म्हणजे उतरणाऱ्या विमानाला रेडिओने वाट दाखवणारी आयएलएसची यंत्रणा जमिनीवर नसतानाही उभ्या-आडव्या मार्गदर्शनासह खाली येता येतं. २०२२च्या एप्रिलमध्ये किशनगढला एटीआर-७२ असं उतरवून दाखवलं गेलं. अट एवढीच की त्या धावपट्टीसाठी एलपीव्ही पद्धत छापलेली असली पाहिजे आणि विमानातला रिसीव्हर त्या जातीचा असला पाहिजे. पहिलं तुमच्या हातात नाही, दुसरं आहे. वर्षानुवर्षं लहान गावांना जाणाऱ्यांसाठी याहून मोलाचं अपग्रेड मला माहीत नाही.

नवं कॉकपिट आलं की २९,००० फुटांच्या वर, जिथं विमानांमधलं उभं अंतर कमी ठेवतात, तिथं उडण्यासाठी लागणारी आरव्हीएसएमची मान्यताही सोपी होते, दिल्लीला त्याचा उपयोग. हवामानाचं रडार त्याच वेळी बदला. वळवाच्या पावसात आपल्याकडचे ढग या विमानाच्या ३५,००० फुटांच्या कमाल उंचीच्याही वर जातात. त्यांच्यावरून जायचं नसतं, बाजूने जायचं असतं, आणि बाजू कुठली हे रडार सांगतं. ऑटोथ्रॉटल, म्हणजे इंजिनाची लिव्हर आपोआप हलवणारी यंत्रणा, हेही आता या विमानांसाठी मिळतं. कारखान्याने २०२०मध्ये किंग एअर ३६०मध्ये ते दिलं. टॉर्क आणि आयटीटी दोन्ही मर्यादेत ते स्वतः राखतं. चांगलं आहे, पण दुसऱ्या फेरीत.

आता वजन, ज्याकडे पॅकेजवाले बोट दाखवत नाहीत. बी२००चं कमाल उड्डाण-वजन १२,५०० पाउंड, म्हणजे ५,६७० किलो. रिकामं विमान आतल्या सामानासकट ३,८५० किलोच्या आसपास. टाक्या ५४४ गॅलन घेतात, त्याचं वजन साडेसोळाशे किलोच्या घरात. वजाबाकी करा. टाकी काठोकाठ भरली तर उरतात जेमतेम पावणेदोनशे किलो, त्यात दोन पायलट बसले की संपलं. मुंबईला निम्म्या टाकीत जाता येतं म्हणून कुणाला जाणवत नाही. दिल्लीला सहा माणसं, बॅगा आणि परतीचं इंधन म्हटलं की जाणवतं. प्रत्येक लाकडी कपाट, प्रत्येक जाड गालिचा माणूस खाली उतरवतो. नवं इंटिरियर करणाऱ्याकडून त्याच्या कामाने वजन किती वाढणार हे किलोत लिहून घ्या. तो 'फारसं नाही' म्हणाला तर दुसरा बघा.

शेवटी कागद, आणि खरं तर हेच पहिलं. कुठलाही मोठा बदल एसटीसीवर होतो, म्हणजे विमानाच्या मूळ मान्यतेला जोडलेली पूरक मान्यता. अमेरिकेची किंवा युरोपची एसटीसी असली तरी आपल्या डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, ती तुमच्या विमानासाठी मान्य केली पाहिजे, बसवणाऱ्या कार्यशाळेला त्या कामाची मंजुरी पाहिजे, उड्डाण-पुस्तिकेत पुरवणी जोडली गेली पाहिजे, वजन-संतुलन पुन्हा केलं पाहिजे आणि देखभालीच्या कार्यक्रमात नव्या वस्तूच्या तपासण्या चढल्या पाहिजेत. तुम्ही वाचलं नसेल, पण जवळपास प्रत्येक एसटीसीत एक ओळ असते: विमानावर आधीच असलेल्या इतर बदलांशी हा बदल जुळतो की नाही हे बसवणाऱ्याने ठरवायचं. विंगलेट एकाचे, प्रॉपेलर दुसऱ्याचे, इंजिन तिसऱ्याचं. तिघांच्या पुस्तिकेत उड्डाणाच्या अंतराचे तीन वेगळे तक्ते. पायलटाने कोणता वापरायचा? हे लेखी उत्तर हातात आल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका.

माझा स्वतःचा फटका सांगतो. एक परदेशातून आणलेलं किंग एअर माझ्याकडे आलं. पंखात आधीच्या मालकाने केलेला एक छोटा बदल होता, काम व्यवस्थित, रिव्हेट एकसारखे. कागद नव्हता. ज्या दुकानाने केलं ते बंद झालेलं. मी खरेदीआधीच्या तपासणीत तो बदल पाहिला होता आणि 'कागद मागवून घेऊ' असं म्हणून पुढं गेलो होतो. विमान चार महिने हँगरमध्ये उभं राहिलं, मालकाचा दर आठवड्याला फोन. चूक माझीच.

ज्यांना वाटतं की हे सगळं फार लांबचं आहे त्यांनी आपलं कृत्रिम पावसाचं विमान आठवावं. २०१५ला आणि २०१९ला आपल्या दुष्काळात चिकलठाण्याहून जी उडाली ती किंग एअर जातीचीच होती. लोक रडारकडे आणि ढगांकडे बघत होते. माझं लक्ष पंखांना लावलेल्या सिल्व्हर आयोडाइडच्या नळकांड्यांच्या चौकटीकडे. तीही फेरफारच, तिलाही मान्यता, तिलाही वजन, तिलाही तक्ता.

तुमच्या विमानासाठी मी असं करीन. या पावसाळ्यात कागद तपासायला एक जाणता माणूस आठवडाभर बसवा. लँडिंग गिअरचं ओव्हरहॉल, पंखांचे बोल्ट आणि प्रॉपेलर यांच्या तारखा एका पानावर आणा. दिवाळीनंतरच्या मोठ्या तपासणीत विमान तसंही उघडेल, तेव्हा कॉकपिट, रडार, बॅटरी आणि एसी. प्रॉपेलर आणि स्ट्रेक त्यांच्या तारखेला. इंजिनं ३,५०० तासांना आली की मागणी नोंदवा, कारण नवीन इंजिन हाती पडायला महिने लागतात. खुर्च्या कॉकपिटच्या कामातच काढाव्या लागतात, त्यामुळे काकांचं चामडं तेव्हाच लावून टाका, पातळ घ्या. विंगलेट इंजिनांबरोबर. आणि कागदाच्या त्या एका पानाचा फोटो काढून मला पाठवा, त्यात लँडिंग गिअरची तारीख जवळ आली असेल तर वरचा सगळा क्रम मी बदलेन.